मोडीवाचक आणि डेव्हलपर एका टेबलाशी: वर्षाचा खर्च किती?

कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, 'इहिदे सितैन मया व अलफ'. डेव्हलपरने केलेल्या तक्त्यात तारखेच्या रकान्याला चार आकडी इसवी सन हवा असतो, त्यामुळे तो हे शब्द कुणाचं तरी नाव समजून भलत्याच रकान्यात टाकतो. शेजारी मोडी वाचणाऱ्या बाई बसलेल्या असल्या तर त्या लगेच सांगतात की हा शुहूर सन आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे वर्ष मृगाला, त्या काळी मेच्या अखेरीस, सुरू व्हायचं. म्हणजे कागद १७६० च्या मेअखेरीपासून १७६१ च्या मेपर्यंतचा, पानिपतच्या वर्षाचा. एवढं कळायला पाच मिनिटं लागतात. डेव्हलपर त्यावरून वीस-पंचवीस ओळींचा कोड लिहितो आणि पुढच्या दहा हजार कागदांवरचे असे सन आपोआप लागत जातात.

ही पाच मिनिटं घडवून आणायला, आणि ती दर महिन्याला पुन्हा पुन्हा घडत राहायला, किती पैसे लागतात ते इथे मांडतो आहे.

साहित्य, इतिहास, भाषा, कला यांच्या अभ्यासात संगणक वापरण्याच्या क्षेत्राला जगभर डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणतात. आपल्याकडे नाव नवं, पण गरज जुनी आहे. पेशवे दफ्तरातले रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी), १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा कागदपत्रांचा संग्रह, तालुक्याच्या ग्रंथालयातले मासिकांचे बांधीव अंक, घरोघरच्या ट्रंकांमधले वतनाचे कागद. यातलं थोडंफार स्कॅन झालं आहे. पण स्कॅन केलेलं पान हे नुसतं चित्र असतं. त्यात एखादं नाव शोधता येत नाही, दोन पाठ शेजारी ठेवून ताडता येत नाहीत, गावांची यादी काढता येत नाही. त्यासाठी कोड लिहिणारी माणसं हवीत, आणि ती एकेकटी टिकत नाहीत. ग्रंथालयांचे कार्यवाह आणि महाविद्यालयांतले प्राध्यापक मला विचारतात, सॉफ्टवेअरला किती खर्च येईल? लागणारं बहुतेक सॉफ्टवेअर फुकट आहे. पैसे लागतात ते माणसं एकत्र ठेवायला.

पुढचे दर अंदाजपत्रक मांडण्यासाठी धरलेले आहेत. ते गावागणिक बदलतील. तीन ठिकाणची दरपत्रकं मागवा आणि तुमचे आकडे त्यात भरा.

पहिलं वर्ष साठ हजारांत

सुरुवात महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी करा. 'दुसरा रविवार, सकाळी ९ ते १२' असं एकदा ठरलं की ते बदलू नका; चार माणसं आली तरी बैठक घ्या. जागा ग्रंथालयाची किंवा महाविद्यालयाची असावी, भाड्याची नको. जागेला वीज, इंटरनेट आणि बारा-पंधरा लॅपटॉप चार्ज होतील इतके प्लग हवेत. प्लगची अडचण किरकोळ वाटते, पण जुन्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भिंतीला दोनच प्लग असतात आणि अकरा वाजता निम्मे लॅपटॉप बंद पडतात. दोन-तीन चांगली एक्स्टेन्शन बोर्डं आधीच घेऊन ठेवा.

वीस माणसांच्या चहा-नाश्त्याला माणशी ६० रुपये धरले तर एका बैठकीचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० होतात. मोडीवाचकाला किंवा विषयाच्या जाणकाराला दर बैठकीस १,००० रुपये मानधन व प्रवासखर्च धरा, म्हणजे वर्षाला १२,०००. संकेतस्थळाच्या नावाला, म्हणजे डोमेनला, वर्षाला १,५०० पर्यंत पुरतात. लहानसा भाड्याचा सर्व्हर महिना ८०० रुपयांना मिळतो, वर्षाचे ९,६००. चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क साधारण २२,००० ला येतात. बेरीज ५९,५०० रुपये.

मानधनाच्या ओळीवर मी अडून बसतो. डेव्हलपर मंडळी बहुतेक नोकरीत असतात, महिन्याच्या महिन्याला पगार घेतात आणि रविवारचे तीन तास हौसेने देतात. मोडी वाचणारी व्यक्ती बऱ्याचदा निवृत्त शिक्षक असते किंवा पुराभिलेख विभागाचा मोडी वर्ग करून आलेली विद्यार्थिनी असते. तिच्या ज्ञानावर सगळी इमारत उभी आहे आणि तिलाच 'सेवा म्हणून या' असं सांगायचं, हे मला मान्य नाही. गटाकडे फक्त बारा हजार रुपये असतील तर ते इथे द्या आणि चहा घरून करून आणा.

बाकी लागणाऱ्या गोष्टी खरोखरच विनामूल्य आहेत. कोड ठेवायला गिटहबचं खातं फुकट आहे. २०२० पासून खासगी रिपॉझिटरीतही, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या कोडच्या साठ्यातही, कितीही जण मिळून काम करू शकतात. तयार झालेला डेटा आणि कोडची पक्की आवृत्ती झेनोडो या भांडारात ठेवता येते. ते युरोपातली सर्न ही संशोधन संस्था चालवते, एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत मजकूर मावतो आणि प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे प्रबंधात तिचा हवाला देता येतो. छापील मराठी पानावरची अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मूळचं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचं. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्याला मराठी येतं. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मोफत आहे, आणि अक्षरमुख नावाच्या साधनाने देवनागरी मजकूर मोडीत किंवा मोडी मजकूर देवनागरीत बदलता येतो. यातल्या कशासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते नेमके कोणत्या कामाचे, हे विचारून घ्या.

डिस्क किती मोठी घ्यायची याचा हिशेब घरी करता येतो. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे न दाबलेलं एक पान साधारण २६ मेगाबाइटचं. दहा हजार पानांना २६० गिगाबाइट आणि लाखभर पानांना २.६ टेराबाइट लागतील. म्हणून चार टेराबाइट. दोन डिस्क एकाच कपाटात ठेवू नका. एक ग्रंथालयात आणि दुसरी दुसऱ्या गावी, कुणा सभासदाच्या घरी ठेवा.

एकदाचा मोठा कार्यक्रम की बारा रविवार?

आमच्या गटाने पहिल्या वर्षी चूक केली. चोवीस तासांची कोडिंग स्पर्धा भरवली, टी-शर्ट वाटले, बक्षिसं दिली, ऐंशी हजार रुपये खर्च झाले. चाळीस मुलं आली, उत्साहाने रात्रभर जागली, बारा नमुने तयार झाले. महिन्याभराने त्यातला एकही चालत नव्हता, कारण पुढच्या रविवारी कुठे भेटायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. तेवढ्याच पैशात पुढच्या वर्षी बारा बैठका झाल्या. त्यातून नऊ माणसं टिकली, आणि त्या नऊ जणांनी एका मासिकाच्या जुन्या अंकांची लेखसूची पूर्ण केली.

माणसं टिकतात ती संपणाऱ्या कामामुळे. 'सगळं दफ्तर ऑनलाइन आणायचं' हे ध्येय ऐकायला छान, पण त्याचा शेवट कुणाला दिसत नाही. एक रुमाल घ्या, किंवा एका मासिकाचं एक वर्ष. कामाची यादी मराठीत लिहा, आणि प्रत्येक काम एका रविवारी उरकेल इतकं लहान करा: 'या पन्नास नोंदींतली गावांची नावं वेगळी काढणे', 'शकाच्या वर्षावरून इसवी सन काढणे, चैत्र ते मार्गशीर्ष ७८ आणि त्यापुढे ७९ मिळवून, शंकास्पद नोंदींवर खूण करणे'. ही यादी ग्रंथपालाने लिहावी, डेव्हलपरने नव्हे. ग्रंथपालाला गरज माहीत असते. आपण लिहिलेलं काम पुढच्या महिन्यात झालेलं दिसलं की तोही गटाचा होतो.

दुसरी गोष्ट कोड एकमेकांना दाखवण्याची. मोठ्या कंपनीत डेव्हलपरने लिहिलेला कोड दुसरा कुणीतरी वाचतो. मराठी किंवा इतिहास विभागात मात्र डेव्हलपर असलाच तर एकटा असतो. त्याची चूक पकडणारं कुणी नसतं आणि त्याने केलेली चांगली गोष्टही कुणाला समजत नाही. ही अडचण जगभर आहे. तिच्यातूनच डीएचटेक नावाचा गट उभा राहिला, तो डिजिटल ह्युमॅनिटीज संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा विशेष अभ्यासगट आहे. तिथली मंडळी दुसऱ्या विद्यापीठातल्या अनोळखी सहकाऱ्याचाही कोड वाचून सूचना देतात. सामील व्हायला पैसे लागत नाहीत. तुमच्या गटातल्या दोघा-तिघांनी तिथे जरूर जावं. आपल्या रविवारीही शेवटचा अर्धा तास यासाठी राखावा: एकाने कोड पडद्यावर दाखवायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, आणि मोडीवाचकांनीही विचारायचे.

अमेरिकेतल्या मराठी डेव्हलपरांना जोडून घ्यायचं असेल तर सकाळी ९ ची वेळ सोयीची पडते. कॅलिफोर्नियात तेव्हा शनिवारी संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ असतात.

मराठी येणारा डेव्हलपर का लागतो

हे काम परक्या भाषेतल्या कंपनीकडून करून घेतलं तर काय सुटतं, याची दोन उदाहरणं देतो. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात मराठीचा खास 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. वाचक समजतो, हा शब्द या ग्रंथात नाहीच. दुसरं उदाहरण जुन्या फॉन्टचं. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही प्रकाशकांनी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळवलेल्या हजारो फाइली पडून आहेत. त्यातला मजकूर युनिकोड नसल्यामुळे फॉन्ट काढून टाकला की निरर्थक रोमन अक्षरं उरतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरतात आणि नंतर मराठी डोळ्यांनी वाचावंच लागतं. शंभर पानांच्या फाइलीला रूपांतराची पाच मिनिटं आणि तपासणीचे दोन दिवस धरा.

केरळमध्ये स्वतःच्या भाषेसाठी असं काम फार चांगलं झालं आहे. स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग हा स्वयंसेवक डेव्हलपरांचा गट २००२ च्या सुमारास सुरू झाला. मीरा, रचना, मंजरी हे मल्याळम फॉन्ट, शुद्धलेखन तपासणी, लिहिण्याची साधनं अशी कामं या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळली. आपल्याकडे मुंबईच्या एक टाइपने मुक्त, बलू असे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यात दिले, मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुनी पुस्तकं टंकून तपासत आहेत. कुशल माणसं महाराष्ट्रात भरपूर आहेत. पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांच्या इमारतींत ती रोज जातात. त्यांना आपल्या ग्रंथालयाचा पत्ता कुणी दिलेला नाही.

दुसरा टप्पा: अर्धवेळ माणूस, वर्षाला ११ लाख

स्वयंसेवकांच्या जोरावर वर्ष-दीड वर्ष चालतं. मग कुणाचं लग्न ठरतं, कुणाची बदली होते आणि सर्व्हर बंद पडल्याचं तीन आठवडे कुणाला कळत नाही. या वेळी एक अर्धवेळ पगारी डेव्हलपर घ्या. महिना ५०,००० रुपयांनी वर्षाचे ६ लाख. मोडी लिप्यंतराला पानामागे २०० रुपये धरून हजार पानांचे २ लाख. बांधीव जुन्या ग्रंथांच्या स्कॅनिंगला पानामागे ७ रुपये, दहा हजार पानांचे ७०,०००. साठवण आणि सर्व्हर ६०,०००. बैठका ४०,०००. हिशेबनीस आणि लेखापरीक्षण ३०,०००. हे १० लाख झाले. अचानक येणाऱ्या खर्चासाठी दहा टक्के वर ठेवा, म्हणजे ११ लाख.

या माणसाचं मुख्य काम नवीन संकेतस्थळ बांधणं हे नव्हे. स्वयंसेवकांच्या कामाची जुळणी करणं, बॅकअप घेणं, कोडची टिपणं लिहिणं, नव्याने आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी करता येईल असं काम काढून देणं, यासाठी तो पगार आहे. नेमणूक निदान दोन वर्षांची करा. सहा महिन्यांच्या नेमणुकीत चार महिने विषय समजण्यात जातात.

मोडीचं हस्ताक्षर संगणकाला वाचायला शिकवायचं स्वप्न सगळ्यांनाच असतं आणि त्याच्या खर्चाबद्दल गैरसमजही तितकाच मोठा आहे. क्रेकन आणि त्यावर चालणारं ईस्क्रिप्टोरियम ही साधनं खुली आणि मोफत आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची ट्रान्सक्रिबस ही सेवा एक युरोपीय सहकारी संस्था चालवते, तिथे पानांच्या हिशेबाने क्रेडिट खर्च होतात. तुमचं स्वतःचं मॉडेल शिकवायला ताकदवान यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावं लागतं. तासाला १०० रुपये आणि शंभर तास धरले तर १०,००० रुपये. पण शिकवायला आधी ओळीसमोर ओळ असं बिनचूक लिप्यंतर हवं. सुरुवातीला दोनशे पानं घेतली तर लिप्यंतराचे ४०,००० आणि दुसऱ्या वाचकाकडून ते तपासून घेण्याचे २०,००० लागतील. यंत्राला दहा हजार आणि वाचणाऱ्यांना साठ हजार, असं हे प्रमाण आहे. कुणी प्रस्तावात याच्या उलट आकडे मांडले असतील तर तो प्रस्ताव परत पाठवा. शिवाय एका लेखकाच्या वळणावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या कारकुनाच्या हातापुढे अडखळतं. म्हणून दोनशे पानं एकाच हाताची घेऊ नका.

कंत्राटात काय लिहून घ्याल

आमच्या ओळखीच्या एका ग्रंथालयाने बाहेरच्या कंत्राटदाराकडून संकेतस्थळ करून घेतलं. चार वर्षांनी वार्षिक देखभालीची रक्कम वाढली, ग्रंथालयाला परवडली नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की डोमेन कंत्राटदाराच्या नावावर आहे, कोडची प्रत संस्थेकडे नाही आणि स्कॅन केलेली पानं फक्त त्याच्याच सर्व्हरवर आहेत. स्कॅनिंग पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा पानं उलटताना त्या ग्रंथांच्या कडा आणखी झिजल्या. हे नुकसान पैशांनी भरून येत नाही.

यात कायद्याचाही एक भाग आहे, आणि तो फार थोड्या संस्थांना माहीत असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचे हक्क, वेगळा करार नसेल तर, संस्थेचे असतात. बाहेरच्या कंत्राटदाराने किंवा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडचे हक्क मात्र त्याचेच राहतात, तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी. ते लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. याहून सोपा मार्ग म्हणजे कोड पहिल्या दिवसापासून खुल्या परवान्यात, संस्थेच्या नावाच्या रिपॉझिटरीत लिहून घेणं. स्वयंसेवकांकडूनही तशी एका ओळीची लेखी संमती घ्या.

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असावं. प्रत्येक खात्याचे दोन व्यवस्थापक असावेत, त्यातला एक कार्यकारिणीतला. मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात मिळावा; नुसत्या पीडीएफवर सही करू नका. ग्रंथांच्या संपादित पाठांसाठी टीईआय ही खूणपद्धती १९८७ पासून जगभर विकसित होत आली आहे, तीच वापरा. शेवटचा हप्ता, निदान वीस टक्के, संस्थेच्या माणसाने सगळं दुसऱ्या संगणकावर स्वतः चालवून पाहिल्यावरच द्या.

ग्रंथांच्या हक्कांचंही तपासा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त झालं. घराण्यांकडच्या अप्रकाशित पत्रांना आणि रोजनिशींना वेगळे नियम लागतात, तिथे कुटुंबाची लेखी परवानगी घेऊन ठेवा. काही घराण्यांना जमिनीच्या किंवा भाऊबंदकीच्या वादांमुळे काही कागद उघड करायचे नसतात. त्यांचा शब्द राखा.

पैसे कुठून आणि कसे घ्यायचे

पहिल्या वर्षी नवीन संस्था काढायच्या फंदात पडू नका. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते, आणि मग दरवर्षी लेखापरीक्षण मागे लागतं. अस्तित्वात असलेल्या ग्रंथालयाची किंवा महाविद्यालयाची उपसमिती म्हणून काम करा, हिशेबाचं खातेपान मात्र वेगळं ठेवा. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची धर्मादाय संस्थेची व देणगी-सवलतीची नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंद आहे का, ते आधी पाहा. डेव्हलपरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने जीएसटी नोंदणी घेतली नसेल, तर तो बिलावर कर लावणार नाही. कंपनीकडून काम घेतलंत तर १८ टक्के वर जातील. अंदाजपत्रकात हा फरक दिसू द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या देणग्यांबाबत जपून राहा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. तिकडे राहणारा माणूस अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकव्यवहाराने देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ठरते, ओसीआय कार्ड असलं तरीही. म्हणून देणगी घेण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारायला संकोचू नका. सहकार्य वेळेच्या रूपाने घ्यायला अशी अडचण नाही, आणि गटाला वेळेचीच जास्त गरज असते. विद्यार्थ्यांसाठी आणि या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी गूगल समर ऑफ कोड हा कार्यक्रम आहे, तो २००५ मध्ये सुरू झाला. निवडलेल्यांना विद्यावेतन गूगल देतं, पण गटाला मार्गदर्शक द्यावे लागतात. आठवड्याचे पाच तास देणारी दोन माणसं नसतील तर अर्ज करू नका.

तिसरा टप्पा विद्यापीठाच्या पातळीवरचा, पूर्ण प्रयोगशाळेचा. पाच-सहा पूर्णवेळ माणसं म्हटली की पन्नास लाखांच्या पुढेच हिशेब जातो आणि तो शासनाच्या किंवा मोठ्या निधीच्या आधाराशिवाय होत नाही. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या मदतीने 'बिचित्र' हा रवींद्रनाथांच्या सगळ्या हस्तलिखितांचा आणि छापील आवृत्त्यांचा संग्रह उभा केला, तो २०१३ मध्ये खुला झाला. दोन आवृत्त्यांतले फरक दाखवणारं 'प्रभेद' हे सॉफ्टवेअर त्यांच्याच माणसांनी तिथे लिहिलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने आपल्या प्रयोगशाळेत अशा डेव्हलपरांना संशोधन सॉफ्टवेअर अभियंता म्हणून कायम पदं आणि बढतीची वाट दिली. हे पदनाम २०१२ मध्ये ब्रिटनमध्येच पुढे आलं. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने मराठीसाठी एवढं करायला हवं, आणि ते झालं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

श्रेयाला पैसे लागत नाहीत, तरी त्यातच सगळ्यात जास्त कसर होते. इटलीतले जेझुइट फादर रोबेर्तो बुझा यांनी १९४९ पासून आयबीएमच्या मदतीने संत टॉमस अॅक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची केली, म्हणून या क्षेत्राची सुरुवात त्यांच्यापासून सांगतात. त्या सूचीसाठी गाल्लाराते इथे लाखो कार्डांना छिद्रं पाडणाऱ्या तरुण मुलींची नावं मात्र कित्येक दशकं कुठेच नव्हती. आपल्या प्रत्येक सूचीच्या पहिल्या पानावर मोडीवाचक, स्कॅन करणारा, तपासणारी, कोड लिहिणारा, अशी सगळ्यांची नावं छापा, कोणी काय केलं त्यासह.

हे वाचून कुणा कार्यवाहांना वाटलं असेल की अकरा लाख आपल्याला कुठले परवडायला. पहिल्या बैठकीचा खर्च १,२०० रुपये नाश्त्याचे आणि १,००० मानधनाचे, एवढाच आहे. कपाटातला एक रुमाल निवडा, मोडी वाचणाऱ्या एका व्यक्तीला फोन करा, गावातल्या तीन डेव्हलपरांना निरोप द्या आणि येत्या महिन्याचा दुसरा रविवार फळ्यावर लिहून टाका.